जुना रॉक अल्बम एलपीवर ऐकताना नक्की काय ऐकायचं?

अमेरिकेत २०२० साली रेकॉर्डींच्या, म्हणजे विनाइलच्या मोठ्या काळ्या तबकड्यांच्या (एलपी त्याच), विक्रीतून आलेला पैसा सीडीच्या पुढे गेला, १९८६ नंतर पहिल्यांदाच, आणि २०२२ मध्ये तर नगांच्या हिशोबातही रेकॉर्डी पुढे गेल्या, साधारण ४.१ कोटी रेकॉर्डी आणि ३.३ कोटी सीडी. तेव्हापासून "विनाइल परत आलं" अशी बातमी अधूनमधून येतच असते आणि ती आली की दोन गट भांडायला उठतात. एकाला एलपीच्या आवाजात ऊब सापडते, दुसरा म्हणतो सगळी शोबाजी आहे, फोनवर सगळं मिळतंय की.

मला या भांडणात फारसा रस नाही. एलपीचा आवाज भारी की भंगार हे बाजूला ठेवू. मला वेगळंच सांगायचंय, ते असं की १९७० च्या दशकातला रॉक अल्बम तबकडीच्या मापाने बेतलेला असतो. कुठलं गाणं आधी, कुठलं नंतर, मध्ये कुठे थांबायचं, एकूण किती वेळ चालवायचं, यातलं बरंचसं त्या प्लास्टिकच्या वस्तूने ठरवलेलं आहे, आणि ते माप एकदा कळलं की पाठ झालेल्या अल्बममध्येही नव्या गोष्टी ऐकू यायला लागतात.

उदाहरणाला माझ्या कपाटातली एकच रेकॉर्ड घेतो, पिंक फ्लॉइड या इंग्लिश रॉक बँडची 'द डार्क साइड ऑफ द मून', मार्च १९७३. उदाहरण अगदी गुळगुळीत झालेलं आहे हे मान्य, अमेरिकेतल्या बिलबोर्ड मासिकाच्या लोकप्रिय अल्बमच्या यादीत हा अल्बम १९७३ ते १९८८ या काळात ७४१ आठवडे होता, पण म्हणूनच घेतोय, निदान कानावरून तरी गेलेला असतो बहुतेकांच्या.

तबकडीवर असतं तरी काय?

पहिली गोष्ट, रेकॉर्डच्या एका बाजूला खाच एकच असते. लांबून बघितलं की वेगवेगळी वर्तुळं वाटतात, पण ती बाहेरच्या कडेपासून आत लेबलाकडे जाणारी एकच लांबलचक गुंडाळी असते. तबकडी मिनिटाला ३३ आणि एक तृतीयांश फेरे घेते, या अल्बमची पहिली बाजू साधारण १९ मिनिटांची आहे, म्हणजे सहाशे-साडेसहाशे फेरे झाले, आणि ती खाच सरळ उलगडून ठेवली तर चारशे मीटरच्या आसपास भरेल. रुंदी मात्र मिलिमीटरच्या विसाव्या भागाच्या घरात. एवढ्याशा फटीत हिऱ्याच्या टोकाची सुई चालते, खाचेच्या भिंती जशा वळतात तशी हलते, आणि त्या हलण्याची वीज होऊन पुढे स्पीकरपर्यंत जाते. बस, मूळ यंत्र एवढंच.

मग एका सुईतून स्टीरिओचे दोन आवाज कसे? खाच इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखी असते, दोन्ही भिंती ४५ अंशांत तिरप्या. आतल्या भिंतीवर डावा आवाज, बाहेरच्या भिंतीवर उजवा. ही कल्पना अ‍ॅलन ब्लूमलाइन नावाच्या इंग्लिश इंजिनिअरने १९३१ मध्येच पेटंटच्या अर्जात मांडली होती, बाजारात स्टीरिओ एलपी यायला १९५० च्या दशकाची अखेर उजाडली. आणि ब्लूमलाइन ज्या ईएमआय या रेकॉर्ड कंपनीत होता त्याच कंपनीच्या लंडनमधल्या अ‍ॅबी रोड स्टुडिओत चाळीसेक वर्षांनी हा अल्बम रेकॉर्ड झाला.

पहिल्या बाजूवर 'ऑन द रन' आहे, त्यात गाणं असं नाहीच. सिंथेसायझरवर आठ सुरांचा तुकडा हळू वाजवून भरलाय आणि मग तो प्रचंड वेगाने फिरवलाय, आणि पावलं, धावण्याचे आवाज, सगळं डावीकडून उजवीकडे जातं. आता भिंतींचा हिशोब डोक्यात ठेवून ऐका. दोन्ही बाजूंना सारखा आवाज असला की सुई फक्त आडवी हलते, फरक पडला की ती वरखालीही व्हायला लागते. म्हणजे तो धावणारा माणूस डावीकडून उजवीकडे जाताना तिकडे सुई खरोखर उड्या मारत असते.

बेस आधी कापतात, मग परत जोडतात

सुईला सगळ्यात अवघड जातो तो बेस, म्हणजे खालचे जाड आवाज. खोल आवाजाला खाच खूप रुंद वळवावी लागते, तसं केलं तर जागा भराभर संपते आणि सुई उडून शेजारच्या फेऱ्यात जाऊन पडते. म्हणून रेकॉर्ड कापताना, म्हणजे मूळ तबकडीत खाच कोरताना, बेस मुद्दाम कमी करतात आणि वरचे, तीक्ष्ण आवाज वाढवतात, वाजवताना अ‍ॅम्प्लिफायर याच्या बरोब्बर उलटं करतो. याला इक्वलायझेशन म्हणतात. किती कमी आणि किती जास्त याचं प्रमाण अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेने १९५४ मध्ये ठरवून दिलं, अगदी खाली २० हर्ट्झला साधारण २० डेसिबल कमी आणि अगदी वर २० हजार हर्ट्झला साधारण तेवढंच जास्त. त्याआधी कंपनीगणिक वेगळी तऱ्हा होती.

याचा एक फायदा आपोआप झाला. रेकॉर्डची खरखर मुख्यतः वरच्या आवाजांत असते, आणि वाजवताना वरचे आवाज कमी केले जातात, त्यामुळे खरखरही दबते. टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड वाजवायचं यंत्र, चुकून साध्या ऑक्स सॉकेटला लावलं की गाणं चिरकं, पातळ आणि लांबून आल्यासारखं का वाटतं याचं उत्तर इथेच आहे, तो उलटा हिशोब झालेलाच नसतो. टर्नटेबल बिघडलेलं नसतं, फोनो नावाचं वेगळं सॉकेट किंवा हा उलटा हिशोब करणारा छोटा प्री-अ‍ॅम्प लागतो.

दुसरं असं की बेस शक्यतो मध्यभागी ठेवतात, दोन्ही भिंतींवर सारखा, नाहीतर सुई खाचेतून वर उचलली जाण्याची भीती. त्या काळच्या रॉक रेकॉर्डींत बेस गिटार आणि ड्रमचा ठोका बहुतेक वेळा मधोमध ऐकू येतो तो काही नुसता सवयीचा भाग नाही.

अल्बमच्या सुरुवातीला जो हृदयाचा ठोका येतो तो ड्रमर निक मेसनच्या मोठ्या बेस ड्रमचा आवाज आहे. शांततेतून अगदी हळूहळू वर येतो. एलपीवर त्याच्या आधी काय ऐकू येतं? सुई टेकल्याचा आवाज, मग रेकॉर्डची स्वतःची बारीक खरखर, आणि त्या खरखरीतून तो ठोका. फोनवर तो पूर्ण शून्यातून येतो. कुठलं चांगलं ते तुम्ही ठरवा, मला स्वतःला खरखरीतून आलेला आवडतो, पण रेकॉर्ड धुतलेली नसेल तर याच अर्ध्या मिनिटात तुमची अब्रू जाते हेही खरं.

कडेची गाणी ऐसपैस, आतली दाटीवाटीत

सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हा, आणि बहुतेक लोकांना कोणी सांगितलेलाच नसतो.

तबकडीचा फिरण्याचा वेग कायम तोच, पण कडेला वर्तुळ मोठं आणि लेबलाजवळ लहान. म्हणजे कडेला सुईखालून सेकंदाला साधारण ५१ सेंटीमीटर खाच जाते आणि पार आतल्या टोकाला जेमतेम २१. गाण्याचा एक सेकंद हा एक सेकंदच, तो कडेला अर्ध्या मीटरवर पसरून लिहिलेला असतो आणि आत त्याच्या निम्म्याहून कमी जागेत कोंबलेला. पोस्टकार्डावर शेवटी शेवटी जागा संपत आली की अक्षर कसं बारीक आणि गिचमिड होतं, मजकूर तेवढाच पण वाचणाऱ्याचे डोळे दुखतात, तसंच. साधी सुई ती बारीक वळणं नीट वाचू शकत नाही, मग 'स' आणि 'श' फाटल्यासारखे येतात, झांजा किरकिरतात. जाणकार याला इनर ग्रूव्ह डिस्टॉर्शन म्हणतात, आपण आतल्या खाचेचा फाटका आवाज म्हणू.

याच्या जोडीला वेळेचा हिशोब असतो. एका बाजूला जितकी जास्त मिनिटं, तितके फेरे जवळजवळ बसवावे लागतात, जवळ बसवले की वळणं लहान ठेवावी लागतात, आणि वळण लहान म्हणजे आवाज लहान. त्यामुळे बाजू वीस मिनिटांच्या आसपास असली की कापणारा माणूस खूश असतो, पंचवीसच्या पुढे गेली की कपाळावर आठ्या. जुने अल्बम चाळीस-पंचेचाळीस मिनिटांचे का असतात याचं उत्तर कलावंतांच्या प्रतिभेत शोधायची गरज नाही.

दिवा तिरपा धरून रेकॉर्डवरून नजर फिरवली तर हे डोळ्यांनाही दिसतं, शांत भाग काळाभोर गुळगुळीत, आणि दणक्याचे भाग जरा करडे, खडबडीत. गाणं न लावता ते कुठे चढणार आहे ते सांगता येतं.

आता अल्बम बाजूंमधून ऐकू

पहिली बाजू १९ मिनिटांची, पाच तुकडे, एकमेकांत मिसळत जाणारे. 'टाइम'च्या सुरुवातीला घड्याळांचा जो कल्लोळ होतो तो इंजिनिअर अ‍ॅलन पार्सन्सने आधीच, घड्याळांच्या दुकानात एकेक घड्याळ वेगळं रेकॉर्ड करून जमवला होता, खरं तर चार स्पीकरच्या ध्वनीचं प्रात्यक्षिक दाखवायला. प्रत्येक घड्याळ सुटं भरलेलं असल्याने ती गर्दी असूनही चिखल होत नाही, डावीकडचं घड्याळ वेगळं आणि उजवीकडचं वेगळं कळतं.

मग बाजूच्या शेवटी, म्हणजे आतल्या अरुंद भागात, 'द ग्रेट गिग इन द स्काय'. यात शब्द नाहीत, क्लेअर टॉरी या गायिकेचा नुसता आवाज आहे, जानेवारी १९७३ मधल्या एका रविवारी तिला बोलावलं, मोबदला ३० पौंड, आणि काय गायचं हे तिचं तिनेच शोधलं. (२००४ मध्ये तिने दावा लावला, २००५ मध्ये कोर्टाबाहेर समझोता झाला आणि बँडचा कीबोर्डवादक रिक रायट याच्या जोडीने तिचंही नाव संगीतकार म्हणून लागायला लागलं. तीस वर्षं लागली, पण लागलं.) तिचा आवाज तुकड्याच्या पहिल्या भागात सगळ्यात वर चढतो, नंतर तो हळू हळू उतरत अगदी कुजबुजीवर येतो. म्हणजे खाचेचं वर्तुळ जसं लहान होत जातं तसं संगीतही कमी होत जातं. योजना असो की योग, पण तबकडीच्या स्वभावाशी इतकी जुळणारी अखेर फार कमी बाजूंना मिळालेली आहे.

आणि मग शांतता. उठायचं, रेकॉर्ड उलटायची.

उलटली की पहिला आवाज कशाचा, तर गल्ल्याचा आणि नाण्यांचा! 'मनी'. कडेला, सगळ्यात ऐसपैस जागेत. त्या खणखणाटाची टेप कापून, तुकडे जोडून तिचं गोल वेटोळं केलं होतं आणि ते सात ठोक्यांत बसवलंय. तबला ऐकणाऱ्याला सात मात्रांचं काही नवल नाही, पण तेव्हाच्या रॉकला होतं, आणि गंमत बघा, सॅक्सोफोन सातात वाजतो पण बँडचा गिटारवादक डेव्हिड गिल्मोर याची गिटार सुरू झाली की गाणं चारात जातं, मग परत सातात. पुढच्या वेळी बोटं मोजत ऐका, बदल होतो तिथे पायाखालची फरशी सरकल्यासारखी वाटते.

आता विचार करा, क्लेअर टॉरीच्या कुजबुजीनंतर लगेच, एका सेकंदात गल्ला वाजला तर कसं वाटेल. सीडीवर आणि फोनवर तसंच होतं. एलपीवर मध्ये उठून जायचा अर्धा मिनिट आहे आणि तो अर्धा मिनिट अल्बमचाच भाग आहे असं मी म्हणेन, कारण पहिली बाजू 'द ग्रेट गिग'मधल्या मरणापाशी थांबते आणि दुसरी पैशाने उघडते, त्या दोघांमध्ये श्वास हवाच.

दुसरी बाजू मात्र साडेतेवीस मिनिटांची, म्हणजे जागा आधीच कमी. आणि अल्बमचा सगळ्यात भरगच्च क्षण, 'एक्लिप्स', ऑर्गन, गिटार, बँडचा बेसवादक आणि गायक रॉजर वॉटर्स याचा आवाज, मागे चार गायिका, ओळीगणिक वर वर चढणारं, हे सगळं पार शेवटी, लेबलाजवळ, जिथे तबकडी सर्वात दुबळी आहे. तबकडीचा विचार केला तर हे चुकीच्या जागी आहे, पण गोष्टीचा विचार केला तर शेवट शेवटीच येणार, दुसरं काय करणार? तिथे संगीताने तबकडीला जुमानलं नाही. म्हणूनच ही बाजू म्हणजे सुईची परीक्षा आहे. कोणाची सिस्टीम ऐकायला गेलो तर मी 'मनी' लावत नाही, ते कुठेही छान वाजतं, मी सरळ शेवटची दोन मिनिटं लावतो. गायिकांचे आवाज एकमेकींपासून वेगळे राहिले तर सुई आणि जुळवणी ठीक आहे, सगळ्यांचा मिळून एक खरबरीत गोळा झाला तर नाही.

"पण डिजिटल जास्त स्वच्छ असतं ना?"

असतं. यात वाद घालण्यासारखं काही नाही. सगळ्यात शांत आणि सगळ्यात मोठ्या आवाजातलं अंतर सीडीवर ९६ डेसिबलपर्यंत जातं, चांगल्या एलपीवर ते ढोबळमानाने ६०-७०. सीडीला आतलं टोक-बाहेरचं टोक असला भेदभाव नाही, खरखर नाही, झीज नाही.

"अ‍ॅनालॉगमध्ये (म्हणजे टेप-एलपीच्या आवाजात) काहीतरी असतं जे डिजिटलमध्ये हरवतं" असं म्हणणाऱ्यांना २०२२ च्या एका प्रकरणाची आठवण करून द्यावीशी वाटते. मोबाइल फिडेलिटी नावाच्या अमेरिकन कंपनीच्या महागड्या रेकॉर्डी थेट मूळ टेपवरून कापलेल्या असतात असा ग्राहकांचा पक्का समज होता, आणि निघालं असं की कितीतरी रेकॉर्डींत मध्ये एक डिजिटल टप्पा होता आणि तोही कित्येक वर्षांपासून. केस कोर्टात गेली. पण त्या सगळ्या वर्षांत त्याच रेकॉर्डींना अ‍ॅनालॉगचा नमुना म्हणून डोक्यावर घेतलं जात होतं! कानांना डिजिटल टप्पा खटकला नव्हता, कळल्यावर खटकला.

"मग जुनीच रेकॉर्ड घ्यायची की नवीन रीमास्टर?"

मास्टरिंग म्हणजे तयार मिक्सवर, म्हणजे सगळी वाद्यं-आवाज एकत्र केलेल्या रेकॉर्डिंगवर, शेवटचा हात फिरवून तो तबकडीसाठी किंवा सीडीसाठी बसवणं. तोच अल्बम वेगळ्या माणसाने वेगळ्या साली मास्टर केला की वेगळा वाजतो, आणि हा फरक बहुतेक वेळा एलपी-सीडीच्या फरकापेक्षा मोठा असतो. १९९० नंतरच्या बऱ्याच सीडींत मोठे आवाज दाबून लहान आवाज वर आणले गेले, सगळंच सतत जोरात, अशा वेळी जुनी एलपी मोकळी वाटते ती प्लास्टिकमुळे नाही, ती तशी दाबलेली नसते म्हणून.

१८० ग्रॅमच्या जाड रेकॉर्डीचं फार कौतुक होतं. जाड रेकॉर्ड हातात छान लागते. खाच तीच आणि तेवढीच खोल असते.

जुनी घेत असाल तर लेबलाभोवतीचा रिकामा काळा भाग बघायला शिका, तिथे कोरलेले नंबर असतात. या अल्बमच्या इंग्लिश प्रतीवर एसएचव्हीएल ८०४ या नंबरापुढे बाजूचं अक्षर आणि कितव्या कापणीची आहे तो आकडा असतो. ईएमआयच्या रेकॉर्डींवर आणखी एक गंमत, रेकॉर्ड ज्याने दाबून काढली तो साचा कितवा हे ते आकड्याऐवजी अक्षरांत लिहायचे, जी, आर, ए, एम, ओ, पी, एच, एल, टी, डी ही अक्षरं म्हणजे अनुक्रमे १ ते ९ आणि शेवटी शून्य, कंपनीच्या जुन्या ग्रामोफोन नावावरूनच केलेली खूण. म्हणजे 'आर ए' दिसलं तर २३ वा साचा. आकडा लहान म्हणजे प्रत आधीची, आवाज चांगलाच असेल याची खात्री मात्र त्यात नाही, आधीच्या मालकाने बोथट सुईने घासली असेल तर पहिला साचा असून उपयोग काय.

"यासाठी महागडी सिस्टीम लागते का?"

महागडी नाही, जुळवलेली लागते. सुईचा भार कंपनीने सांगितलेला तेवढाच, बहुतेक ठिकाणी दीड-दोन ग्रॅम. कमी भार ठेवला की रेकॉर्ड वाचते असा एक समज आहे, उलट आहे, हलकी सुई खाचेत भिंतींवर आपटत जाते आणि जास्त नुकसान करते. साध्या गोल टोकाच्या सुईपेक्षा लंबगोल किंवा त्याहून बारीक टोकाची सुई आतल्या खाचा बरीच नीट वाचते, म्हणजे पैसे घालायचेच तर तिथे. सुईचं आयुष्य साधारण ५०० ते १००० तास. ब्रश रोज, धुणं अधूनमधून, रेकॉर्ड उभी ठेवायची, आडवी रचायची नाही.

"शफलवर ऐकलं तर बिघडलं कुठे?"

या अल्बमचं बिघडतं, सगळ्यांचं नाही. इथे 'ब्रेन डॅमेज'चा शेवट हीच 'एक्लिप्स'ची सुरुवात आहे, शिवण नाहीच, मध्ये दुसऱ्याचं गाणं आलं तर चढत चाललेला सूर अर्ध्यात तुटतो. मधेमधे माणसांचं बोलणं येतं ते वॉटर्सने कार्डांवर प्रश्न लिहून स्टुडिओतल्या लोकांकडून बोलवून घेतलेलं, त्यात बीटल्सचा पॉल मॅकार्टनीही होता पण त्याची उत्तरं वापरली नाहीत, आणि अगदी शेवटी जो आवाज ऐकू येतो तो स्टुडिओच्या दारावरच्या जेरी ओ'ड्रिस्कॉलचा. ही बोलणी सुटी ऐकली तर अर्थ लागत नाही.

पण ज्या अल्बममध्ये दहा सुटी गाणी दोन हिटच्या भरवशावर विकलेली आहेत तिथे खुशाल शफल करा, तसे अल्बम त्या काळातही ढिगाने निघत होते आणि त्यातले कित्येक माझ्या कपाटातही आहेत.